शुभदाने न वाचलेली ओळ

शुभदा गेली त्याला आज वर्ष झालं.
मी तिला अजून माफ केलेलं नाही.

"आजी, आजच्या दिवशी तरी चांगलं बोल," माझी नात रेश्मा टाईप करता करता म्हणतेय.
मला अक्षर येत नाही. प्रोफाईल माझं, बोटं तिची.
बोटांनी मध्ये बोलायचं नसतं.

बरं. चांगलं आधी सांगते.

शुभदा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत होती. पुस्तकं देणारी-घेणारी नव्हे. तिच्याकडे कम्प्युटरमधलं भांडार होतं, त्याला ती रिपॉझिटरी म्हणायची. तिथल्या लोकांनी लिहिलेलं, शोधलेलं, रेकॉर्ड केलेलं सगळं त्यात ठेवायचं, आणि जगात कुणालाही ते उघडता आलं पाहिजे.

दिवसभर प्राध्यापकांच्या मागे लागायची. "सर, लेख द्या ना. तुमच्या कपाटात तो फक्त वाळवी वाचतेय."
हे मला हसून सांगायची. म्हणून तर आवडली.

मी थळची धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गाणारी. ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत. सासूच्या तोंडून माझ्या तोंडात आली.

युनिव्हर्सिटीतले एक सर त्यावर अभ्यास करत होते. ते दोनदा आले, सुकटीच्या वासाने नाकाला रुमाल लावून.
शुभदा मात्र ओट्यावर मांडी घालून बसायची, मध्ये रेकॉर्डर ठेवून. हे गाणं कधी म्हणतात, कोण म्हणतं, कुणाकडून शिकलात, सगळं गाण्यासोबत लिहून घ्यायची.
"नाहीतर भांडारात पडून राहील आजी, शोधणाऱ्याला सापडणार नाही."

"आनि कुलूप?" मी विचारलं.
"कुलूप न्हाय, आजी." माझीच बोली माझ्यावर वापरायची, लबाड. "अमेरिकेतलं माणूस ऐकेल."
"अमेरिकेचं राहू दे गो. माझ्या नातीला मिळंल ना?"
"पहिली तिलाच."

मग परवानगीचा फॉर्म काढला. मी म्हटलं, वाचून दाखव.
बोट ठेवून, सावकाश वाचला तिने.
मी अंगठा दिला.

पुढच्या वर्षी माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता बोलते ती नुसती घरघर. हे लिहायलासुद्धा रेश्मा कान माझ्या तोंडाशी आणून बसलीय.
पण तेव्हा मी रडले नाही. आवाज शुभदाकडे ठेवलेला होता ना.

रेश्माची हळद आली. सकाळी मांडवात स्पीकर लावला, बायका जमल्या, रेश्माने मोबाईलवर भांडाराची लिंक उघडली.
माझं नाव आलं. गावाचं नाव आलं. गाण्यांची नावं आली, ओळीने.
प्रत्येकापुढे कुलपाचं चित्र.

खाली एक बटण होतं, प्रत मागण्याचं. ते दाबलं की विनंती सरांकडे जाते म्हणे.
सरांनी उत्तर दिलं नाही.

माझ्या नातीला हळद लागली ती डीजेवर. मी तोंड उघडलं, पण सूर निघाला नाही.

फोन केल्यावर शुभदा स्वतः आली. चहा दिला. बिस्किटं नाही दिली.

"सरांचं पुस्तक यायचंय, आजी. तोवर तीन वर्षं बंद. एम्बार्गो म्हणतात त्याला."
"तीन वर्सं मागताना माझं वय इचारलंस?"
तिने कप खाली ठेवला.
"फॉर्मात हाय का ही ओळ?"
"आहे."
"मंग माझ्या कानावर कशी न्हाय आली?"
"मी वाचली नाही." कपाकडे बघत म्हणाली. "तुम्ही अंगठा दिला नसता. आणि रेकॉर्डिंग सरांच्या अभ्यासाचं, त्या अटीशिवाय ते भांडारात ठेवू देत नव्हते. म्हटलं, बंद का होईना, भांडारात तरी येईल."
"बरं, पेनड्राइव्हवर दे. माझाच आवाज हाय."
"नियम आहे, आजी."

नियम! ओळ गिळताना कुठे गेला होता गो?

वाचता येणाऱ्यांना हे कळायचं नाही. मला जी वाचून दाखवते, तिचा आवाज म्हणजे माझे डोळे.
शुभदाने मला एका ओळीपुरतं आंधळं केलं.

नंतर तिचे फोन आले. मी उचलले नाहीत.
शेवटचा फोन लायब्ररीतून आला. हार्ट अटॅक. पन्नाशीसुद्धा नव्हती.

गेल्या महिन्यात लायब्ररीतली नवी मुलगी शेजारच्या हिराबायची गाणी घ्यायला आली. मी जाऊन बसले. बघायलाच.
पोरीने आधी रेकॉर्डर सुरू केला, मग फॉर्म पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. बंद ठेवण्याची ओळ दोनदा.
"ही नको असेल तर खोडते, मावशी."
"खोड," हिराबाय म्हणाली. खोडली.

मी विचारलं, ही पद्धत कुणाची?
"शुभदा मॅडमची. जायच्या आधी त्यांनीच घालून दिली. वाचून दाखवल्याचं रेकॉर्डिंग नसेल तर भांडारात काही घ्यायचं नाही."

म्हणजे कळलं होतं तिला.

हिराबायचं कुलूप काढून गेलीस, शुभदा. माझं तसंच आहे. सरांचं पुस्तकही अजून आलेलं नाही.
तू शिकलीस, पण माझ्यावर शिकलीस.

मेलीस म्हणून राग सोडणार नाही.
फोन मात्र उचलायला हवा होता. तेवढं माझं चुकलं.

जा बाय, नीट जा.
थळच्या म्हातारीचा तुला भरल्या डोळ्यांनी निरोप.