बंद खोलीतल्या खुंट्या

सोलापूरच्या भवानी पेठेतील टॉवेल उत्पादक व्यंकटेश, ज्यांना सगळे यंकण्णा म्हणत, यांचे गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी निधन झाले. कारखान्यात जाण्यासाठी ते दारात चपला घालत होते आणि तिथेच कोसळले. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी प्राण गेला होता, असे डॉक्टरांनी सांगितले. मागे पत्नी आणि एक मुलगी आहे. ही बातमी मला फोनवरून सलीमभाईंनी दिली. सलीमभाई त्यांच्या कारखान्यातले मास्टर, म्हणजे मागांचे सगळे तंत्र सांभाळणारे. दोघांचे वडीलही एकाच शेडमध्ये काम करत. "साहब, यंकण्णा गए," ते म्हणाले. "कमरा खोलनेकू निकले थे..."

ती खोली माहीत असल्याशिवाय हे वाक्य कळणार नाही. कारखान्याच्या माळ्यावर ती आहे. तिला एकच खिडकी, आणि तीही खिळे मारून बंद केलेली. भिंतीवर ओळीने लाकडी खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक जुना, वापरलेला टॉवेल. कोणता कुठल्या देशाचा हे कुठेही लिहिलेले नाही. यंकण्णांना ते पाठ होते. नवा माल कोणत्या देशात न्यायचा याचा निर्णय ते या खोलीत करत. शहरातल्या बाजाराच्या बातम्या मी बरीच वर्षे केल्या. व्यापारी परदेशी बाजारपेठ कशी निवडतात याची नाना कारणे ऐकली, कुणाचा साडू तिथे आहे इथपासून कुणाला विमानातले जेवण आवडले इथपर्यंत. वापरलेला टॉवेल मागवणारे मात्र हे एकच.

याची सुरुवात एका चुकीतून झाली. यंकण्णांचे घराणे तेलुगू भाषक विणकरांचे. वडील चादरी काढत. मुलाने टॉवेल सुरू केला आणि आखातातल्या एका खरेदीदाराच्या भरवशावर माग वाढवले. त्या खरेदीदाराने एका हंगामात खरेदी थांबवली, तेव्हा दुसरा देश शोधणे भाग पडले. एका प्रदर्शनात आयर्लंडचा व्यापारी भेटला. थंडी आणि पावसाचा देश, एवढेच यंकण्णांनी ऐकले आणि चादरवाल्याच्या मुलाने चादरवाल्यासारखा हिशेब केला, की जितकी थंडी तितकी जाडी. मागावर निघेल तेवढा जाड, मऊ टॉवेल काढून त्यांनी पाठवला. सोलापुरात टॉवेल गच्चीवर टाकून चहा पिऊन यावे तर तो वाळून कडक झालेला असतो. टॉवेल वाळत नाही असेही एखादे गाव असू शकते, हे इथे कुणाच्या डोक्यात येणार? तिकडे ऊन नाही, आणि लोक टॉवेल घरातच टांगतात. तो दुसऱ्या दिवशीही ओला राहिला, आणि मग वास मारू लागला. व्यापाऱ्याने पुन्हा मागणी केली नाही. सलीमभाईंनी तेव्हा विचारले होते, "क्या यंकण्णा, टॉवेल के साथ सोलापूर की धूप भी भेजनी थी क्या?"

उरलेला माल यंकण्णांनी मंद्रूपच्या आठवडी बाजारात बसून विकला. मी सहज सोबत गेलो होतो. एका बाईने टॉवेल उचलला, वजन केल्यासारखा हातात धरला आणि म्हणाली, "ह्यो टावेल हाय का घोंगडं? अंग पुसायचं का पांगरायचं?" यंकण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलच्या कोपऱ्याने चष्मा पुसला. काही बोलायच्या आधी चष्मा पुसायचा, ही त्यांची सवय. मग शांतपणे म्हणाले, "मावशी, जे जमंल ते करा." तिने दोन घेतले. जाताना मागे वळून म्हणाली, "ऊब लई हाय की."  परतताना मंद्रूप मागे पडल्यावर ते म्हणाले, "पेपरवाले, त्या बाईनं हातात घेऊन सांगितलं. मी न बघता पाठवला."

त्यानंतर कुठल्याही देशाचे नाव निघाले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तितं टॉवेल वाळत कुटं घालतात?" परदेशी जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला ते तिथल्या घरातला वापरलेला टॉवेल आणायला सांगत. नवा नको. नवा दुकानदार सांगेल तसा असतो, जुना घर सांगेल तसा होतो, असे त्यांचे म्हणणे. कुठे विरलाय, कडेची शिवण आधी उसवली की मधले धागे आधी निघाले, पाण्याने पांढरा पडला की साबणाने, हे ते बोटांनी पाहत. करमाळ्याची एक मुलगी परदेशात परिचारिका होती. तिने घरमालकिणीचा टॉवेल मागून आणला तेव्हा बॅग उघडणाऱ्या अधिकाऱ्याने तो चिमटीत धरून वर केला होता. ती यंकण्णांना म्हणाली, "काका, लोक परदेशातून चॉकलेट मागवतात, तुम्ही पोतेरी मागवता." ते हसले आणि तिला आपल्या कारखान्याचे नवे टॉवेल भरून दिले. आलेला टॉवेल आणि त्यावरून विणलेला नमुना, दोन्ही ओले करून त्या खोलीत शेजारी टांगायचे, फरशीवर पाणी शिंपडायचे आणि दार लावायचे. सकाळी यंकण्णा आणि सलीमभाई दार उघडून आधी वास घेत. मी एकदा विचारले, "सगळ्या जगाच्या खुंट्या आहेत, सोलापूरची कुठे?" ते म्हणाले, "आपला काय बघायचाय? आपण काय परदेश हाय का?"

मुलगी पद्मजा पुण्यात शिकून धंद्यात आली. तिने देशांचा तक्ता केला. त्यात आयात शुल्क, जहाजाचे भाडे, तिथे आधीपासून कोण विकतो, पैसे बुडण्याचा धोका किती, हे सगळे होते. बापलेकीचे यावरून भांडण होईल असे पेठेत बोलले जाई. तसे झाले नाही. "हिचा तक्ता कुटं जायचं न्हाय ते सांगतो," यंकण्णा म्हणत, "निम्म्या खुंट्या वाचल्या माझ्या." तक्त्यातून जे देश उरत ते खोलीत जात. फक्त एका गोष्टीवर त्यांचे जमत नसे. देश थंड असला की यंकण्णा तो तक्ता बघायच्या आधीच बाजूला करत. पद्मजा म्हणायची, "नान्ना, एक टॉवेल वाळला नाही म्हणून निम्मं जग सोडलंत तुम्ही." लेकीला अम्मा म्हणणाऱ्या वडिलांचे उत्तर एकच असे, "थंडीचं नाव काढू नको, अम्मा."

गेल्या वर्षी मोठ्या गिऱ्हाईक देशाने शुल्क वाढवले आणि पेठेतल्या इतरांसारखी यांचीही मागणी आटली. एका शेडचे माग थांबले. काही विणकर दुसऱ्या गावी कामाला गेले. संक्रांतीपर्यंत दुसरा देश मिळाला नाही तर ती शेड कायमची बंद करायची, असे यंकण्णांनी सलीमभाईंना सांगितले. ती शेड वडिलांची. पद्मजाच्या तक्त्यात सगळ्यांत वर पोलंड होता. यंकण्णांनी नकारार्थी मान हलवली.  तिथे शिकणाऱ्या मैत्रिणीकडून पद्मजाने एक वापरलेला टॉवेल मागवला आणि न सांगता खोलीत ठेवला.

शेवटची भेट त्यांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी झाली. ते माळ्यावर नवी खुंटी ठोकत होते. पोलंडचा टॉवेल त्यांनी माझ्या हातात दिला. तो पातळ होता, दोन्ही बाजूंनी सारखा झिजलेला, आणि कडेला अडकवण्यासाठी कापडी फास शिवलेला होता. "बघ रे, थंडी हाय आणि टॉवेल पातळ हाय," ते म्हणाले. चष्मा पुसला. "मी इतकी वर्षं थंडी चादरीनं मोजत बसलो... पोरगी म्हणत होती." शेजारी त्याच बेताचा त्यांचा स्वतःचा नमुना ओला करून टांगला होता, फास शिवून. खाली उतरताना त्यांनी पद्मजाला हाक मारली. "अम्मा, उद्या सकाळी वास घ्यायला तू ये. सलीमचं नाक म्हातारं झालंय." सलीमभाई खालूनच म्हणाले, "मेरा नाक बुढ्ढा, और तुम जवान क्या?"

मंगळवारी ती खोली कुणी उघडली नाही. सगळे कार्य आटोपल्यावर पद्मजा आणि सलीमभाई वर गेले तेव्हा दोन्ही टॉवेल वाळून खडखडीत झाले होते. त्यावरून काहीच ठरवता येत नव्हते. पद्मजाने दोन्ही पुन्हा ओले केले, फरशीवर पाणी शिंपडले आणि दार लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले. पोलंडचा टॉवेल कोरडा होता. यंकण्णांचा नमुनाही कोरडा होता, वास नव्हता. पद्मजाने नमुन्याचा फास चिमटीत दाबून पाहिला. सलीमभाईंनी तो नाकाशी नेला. "लूप गिल्ली है, बेटा. सिलाई डबल मारी इन्होंने." फास एकेरी कापडाचा, एकाच शिवणीचा करून दुसरा नमुना विणला गेला. तो रात्रभर टांगून पाहिला. सगळा कोरडा निघाला.

तो नमुना गेल्या शुक्रवारी पोलंडच्या एका व्यापाऱ्याकडे रवाना झाला. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. शेड बंद केलेली नाही. माळ्यावरच्या खोलीत पोलंडच्या शेजारी पद्मजाने आणखी एक खुंटी ठोकली आहे. तिच्यावर सोलापूरचा एक वापरलेला टॉवेल आहे. तो इतरत्र धड आहे आणि एका कोपऱ्यात, चष्म्याच्या काचेएवढा, विरलेला आहे.