बगळ्यासाठी काकांना उठवलं

मंडळी, आज सकाळी वडाळे तलावावर मी शहाणपणा करायला गेले आणि तोंडावर पडले.

गळ्यात नवा कॅमेरा, समोर काठावर मातकट पाठीचा वंचक बगळा. पण त्याच्या शेजारीच एक म्हातारे काका गळ टाकून बसलेले. मला वाटलं, यांचा हात हलला की पक्षी उडणार.

"काका, जरा पलीकडे बसाल का? तो उडून जाईल."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बगळ्याकडे. मग गळ, डबा, पिशवी उचलून दहा पावलं पलीकडे जाऊन बसले.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. बगळ्याने मान बाहेर काढली आणि एकेक पाऊल टाकत तो थेट काकांच्या मागे!

काका म्हणाले, "आता त्याला पन सांगा, पलीकडं बस."

एवढ्यात गळाला बोटाएवढा मासा लागला. काकांनी तो मागे न बघताच टाकला, बगळ्याने लगेच गट्टम केला.

"बारका त्याचा, मोठा माझा. रोजचाच हाय तो."

"मग तुम्ही उठलात कशाला?"

"तुमी सांगितलंत ना. म्हटलं, बघू दे यांना पन."

मग मीच निमूट त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आजच्या प्रत्येक फोटोत बगळ्याबरोबर काकांचा गुडघा आलाय. कापणार होते, पण राहू दिलाय. तलाव बघायला आले होते मी, तिथे राहणारे ते दोघे.

तुम्ही कधी कुणाला त्याच्याच जागेवरून उठवलंय का?