देव घरात, आम्ही अंगणात

देवावर आपला विश्वास आहे, असं मी कोयनेच्या भूकंपापर्यंत समजत होते. सकाळी पूजा, संध्याकाळी दिवा, वर्षातून एकदा पालीला जाऊन खंडोबावर भंडारा उधळायचा, एवढं माझ्याकडून कधी चुकलं नाही. आमचे मालक पलटणीत होते. भूकंपाच्या दोन वर्षं आधी लढाई झाली तेव्हा ते आघाडीवर होते, आणि तेव्हाही मी देवावर भार टाकून रोज जेवले, रोज झोपले. लोक म्हणायचे, काय बाई धीराची. मलाही ते खरं वाटायचं. पण ती लढाई लांब होती. भूकंप पायाखाली आला आणि माझा धीर किती खोल होता ते पहिल्याच धक्क्यात कळलं.

आमचं गाव कराडहून पाटणला जाणाऱ्या रस्त्यावर. पहाटे जमीन हलली तेव्हा मालक पलटणीवरच होते, घरात आम्ही तिघी होतो: मी, माझ्या सासूबाई आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी लेक शालन. शालनचं सासर सांगलीकडं, जावई तिथे हळदीच्या पेठेत कामाला. कौलं खडखडली, भांडी मांडणीवरून कोसळली, आणि शालनला दोन्ही हातांनी धरून मी अंगणात कशी आले ते आजही मला सांगता येत नाही. घर पडलं नाही. दाराच्या डाव्या अंगाला मात्र भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. पुढे गाव सगळंच उघड्यावर राहायला लागलं. आम्हीही अंगणाच्या कडेला उसाच्या पाचटाचं खोपट घातलं आणि त्यात बाज टाकली. जमीन थांबत नव्हती. कधी दिवसातून एकदा, कधी चार वेळा हलायची, आणि त्याहून जास्त वेळा ती हलल्याचा भास व्हायचा.

बाहेर येताना कपडे आणले, धान्य आणलं, जातंसुद्धा ओढून आणलं. देव आत राहिले. माजघरातल्या कोनाड्यात आमचा देव्हारा, त्यात खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. मी म्हटलं, देवही खोपटात आणूया. सासूबाईंनी ऐकलं नाही. "द्येव घर सोडून कुटं जातोय? त्येला काय आपल्यावानी मराण हाय?" असं म्हणून त्या तंबाखू मळत बसल्या. मग रोजची पूजा करायची कशी? मी त्यावर तोडगा काढला. उंबऱ्याबाहेर उभी राहायची, एक पाय पळायच्या तयारीत ठेवायची, आणि झेंडूचं फूल देव्हाऱ्याच्या दिशेने फेकायची. बहुतेक फुलं अलीकडेच पडायची. सासूबाई म्हणायच्या, "आगं, द्येव हाय का चिच्चंचं झाड, लांबनं धोंडं मारतीस ते?" मला हसू येत नव्हतं. मी हात जोडून तिथूनच मागायची, खंडेराया, एकदा खूण दे, आता जमीन हलणार नाही अशी. माझी पोर मोकळी होईपर्यंत तरी.

खूण आली नाही. शालनला आठव्यातच कळा लागल्या आणि त्या पाचटाच्या खोपटात तिला मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. आमच्याकडे म्हणतात की सातव्यातलं पोर जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे माझ्यासमोर कुणी बोललं नाही, पण पोरीला बघून बाया एकमेकींकडे बघायच्या आणि खोटं हसायच्या. सोयर असल्यामुळे पूजा बंद होती. घरात जायचं टळलं म्हणून मला हायसं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? सोयर फिटली. बारशाचं नाव मात्र कुणी काढेना.

गावात त्या दिवसांत एक युक्ती निघाली होती. एका तांब्यावर दुसरा तांब्या पालथा घालायचा, त्यावर फुलपात्र उभं करायचं. जमीन जराशी हलली की वरचं भांडं खाली पडतं आणि माणसं सावध होतात. आमच्याही खोपटाच्या तोंडाशी मी अशी उतरंड मांडली होती. ती मांडली आणि माझी झोप गेली. मी खोपटाच्या मेढीला पाठ लावून तिच्याकडे बघत बसायची. डोळा लागला की दचकून उठायची. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापताना एक डोळा तव्यावर, एक तांब्यावर. पुढे पुढे मला असं वाटायला लागलं की मी बघते आहे म्हणून ती उभी आहे. माझी नजर हटली तर तांब्या पडेल, घर पडेल, पोर जाईल. जणू सगळी जमीन मीच धरून ठेवली होती. शालन म्हणायची, "आई, थोडं तरी पड की." मी तिच्यावरच ओरडायची.

त्यात थंडी वाढली. नदीवरून वारा यायचा आणि पाचटातून सरळ आत शिरायचा. घरी बाळंतिणीला बाजेखाली शेगडी देतात, ओव्याची धुरी देतात, त्या उबेवर पोर पोसतं. पाचटाच्या खोपटात विस्तव ठेवायचा तर सगळ्यांनाच अग्नी दिल्यासारखं होईल. घरात चूल होती, कोरडी भुई होती, दार लावायला फळ्या होत्या. पण घराला ती भेग होती. बाहेर ठेवली तर पोर गारठून जाईल, आत नेली तर छप्पर पडेल, या दोन्हींच्या मध्ये मी अडकले होते. सासूबाईंचं म्हणणं आत न्यावी. "जगायचं तर उबंत जगू दे," एवढंच त्या म्हणत. मला ते पटत होतं, आणि उंबऱ्यापाशी गेले की पाय उचलत नव्हता. सांगलीला न्यावं तर एवढ्याशा जिवाला एस.टी.च्या धक्क्यांत कसं न्यायचं? आणि ती दुसऱ्याच्या घरची ठेव. तिला काही झालं तर जावयाला तोंड कसं दाखवायचं, हा विचार पाठ सोडत नव्हता.

एके दिवशी दुपारी पोरीने दूध ओढायचं सोडलं. शालन तिच्या तोंडात थेंब थेंब पिळत होती आणि ते ओठाच्या कडेने बाहेर येत होतं. हातपाय गार, नखं निळसर. रडणंही बंद. मी तिला पोटाशी धरून अंगणात उन्हाच्या तुकड्यात उभी राहिले, पण त्या उन्हात ऊब नव्हती. तेव्हा मी पहिल्यांदा देवाला मनातून टाकून बोलले. म्हटलं, तू आत सुखाने बसला आहेस, तुला काय कळणार?

तेवढ्यात एक बाई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. माझ्याहून वयाने मोठी, डोक्यावर लहानसं गाठोडं, पायांना धूळ. पाणी मागितलं. कोयनेकडून चालत आली होती, कराडच्या पुढे भावाकडे निघाली होती. मी पाणी द्यायला वळले तर तिने माझ्या हातातल्या पोरीच्या पायाला बोट लावलं.

"गार पडलंय की गं प्वार. आत का न्हेत न्हाईस?"

मी भेग दाखवली. तिने गाठोडं खाली ठेवलं आणि सरळ घरात गेली. आम्ही इतके दिवस ज्या उंबऱ्याला भीत होतो तो तिने असा ओलांडला की मला तिचा रागच आला. आतून चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला. मग ती दारात येऊन म्हणाली, "इस्तू फुलतोय. आण तिला."

"मावशी, हललं तर?"

"हलंल की. आमच्याकडं तर रोज हलतंय."

"तुमचं घर हाय न्हवं नीट?"

तिने पदराने हात पुसले. "न्हाई. घर बसलं. धनी आत ऱ्हायले. मी म्हशीकडं गेले हुते." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. माझे डोळे तेव्हा कसे दिसत असतील कुणास ठाऊक. "कवापासनं झोपली न्हाईस तू? हे बघ, मला तर तवापासनं झोपच न्हाई. डोळा मिटला की खडखड ऐकू येतंया. न्हाईतरी मी जागीच हाय. तर तुज्यासाटी जागी बसते. तू पड."

मी आत गेले ते धीर आला म्हणून नव्हे. माझ्यात आता भिण्याचीही ताकद उरली नव्हती. शालनला घेतलं, सासूबाई काठी टेकत मागून आल्या. एक मात्र केलं. अंगणातली ती उतरंड मी उचलून आणली आणि माजघरात देव्हाऱ्याखाली पुन्हा मांडली. भुईवर सगळीकडे माझीच फेकलेली वाळकी फुलं पडली होती. ती त्या बाईने हाताने बाजूला सारून जागा केली, गोधडी अंथरली, शेगडी ओढून घेतली आणि पोरीला आपल्या मांडीशी ठेवून तिचे तळवे शेकायला लागली. मी भिंतीला टेकून बसले. उतरंडीकडे बघायचं म्हणून डोळे उघडे ठेवले होते. समोर खंडोबाचा टाक विस्तवाच्या उजेडात दिसत होता. एवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. माझ्या अंगावर कुणीतरी घोंगडं टाकलं होतं. पहिल्यांदा ऐकू आला तो पोरीचा आवाज. रडत नव्हती, चुटुचुटु दूध ओढत होती. शालन तिच्याकडे बघत हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी पोरीच्या पायाला हात लावला. पाय ऊन होता. मग माझी नजर देव्हाऱ्याखाली गेली. उतरंड मोडली होती. वरचा तांब्या भुईवर आडवा पडला होता आणि फुलपात्र घरंगळत पार दारापाशी गेलं होतं.

"ह्यो कवा पडला?"

"मगाशी," ती बाई म्हणाली. "हललं जरा."

"मग मला उठवलं का न्हाई तुमी?"

"उठवून काय केलं असतंस? उचलून पळाली असतीस बाहीर. नुकती कुटं ऊब धरत हुती ती." तिने शेगडीत एक कोळसा सारला. "मी वाकले हुते की तिच्यावर. थांबस्तवर वाकून हुते. तुजी लेक पन झोपल्याली, म्हातारी पन. कुनाला उठवलं न्हाई."

ज्या आवाजाची वाट बघत मी इतक्या रात्री काढल्या तो आवाज माझ्यापासून दोन हातांवर झाला होता आणि मला ऐकू आला नव्हता. मी झोपले होते आणि तरीही घर उभं होतं, पोर जिवंत होती. जमीन मी धरून ठेवलेली नव्हती. मला एकदम रडू फुटलं. किती दिवसांचं साठलेलं ते रडणं. सासूबाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "रडतीस कशापायी, पडलं का काय घर?" मग मी रडता रडता हसले.

रात्री ती आमच्याकडेच राहिली. झोपली नाही, पण पहाटेच्या सुमाराला भिंतीला टेकून तिने थोडा वेळ डोळे मिटलेले मी पाहिले. तेव्हा मी हलले नाही, तिच्यासाठी मी जागी राहिले. सकाळी भाकरी आणि झुणका बांधून दिला. मी तिच्या पायावर डोकं ठेवायला गेले तर तिने मला खांद्याला धरून वर उठवलं. नाव विचारलं, तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. बारशाला आम्ही तिच्या भावाकडे निरोप धाडला. ती आली. पाळण्यात पोरीला ठेवलं ते तिनेच.

पुढे ही हकीकत ऐकून आमच्याकडच्या बाया म्हणायच्या, खंडोबाची बाणाईच आली होती तुमच्या घरी. मला ते पटत नाही. बाणाईच्या टाचांना भेगा नसतात, आणि ती जाताना भाकरी बांधून घेत नाही. देवाने तिला माझ्याकडे धाडलं, असं म्हणायलाही माझी जीभ अडखळते. माझी नात जगावी म्हणून तिचे धनी त्या घराखाली राहिले, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला हिशोब कळत नाही. एवढंच कळतं की त्या दुपारी मी देवाला नको ते बोलले, आणि त्याने माझ्या बोलण्याचा राग धरला नाही. मी खूण मागत होते ती जमीन थांबल्याची. मला मिळालं ते जागं राहणारं माणूस.

धक्के त्यानंतरही कित्येक महिने येत राहिले. भिंतीची भेग आम्ही उन्हाळ्यात लिंपून घेतली, तोवर ती तशीच होती, आणि आम्ही आतच राहिलो. भीती गेली असं नाही. आजही ट्रक जाताना खिडकी वाजली की माझा हात आधी छातीवर जातो. पण ती बाई गेली त्या सकाळी मी भुईवरची सगळी वाळकी फुलं झाडून काढली, देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले, आणि फूल हाताने वाहिलं. पडलेला तांब्या घासून, त्यात पाणी भरून देवापुढे ठेवला. पुन्हा कधी तांब्यावर तांब्या ठेवला नाही. आणि मागणंही बदललं. पूर्वी मी म्हणायची, देवा, जमीन हलवू नकोस. आता रात्री दिवा मालवताना एवढंच म्हणते, हललीच तर तू जागा आहेस ना, मग मी झोपते.