जेवणाआधीचं भाषण
वेलचीच्या अरबी कॉफीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. रियाधच्या एका हॉटेलात आफ्रिकेतल्या मुलींच्या हक्कांवर परिषद होती आणि साउंड मी सांभाळत होते. सकाळभर पुरुषच बोलले. टांझानियातल्या महिला संघटनेच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या, तोवर जेवण लागलं होतं. "दोन मिनिटांत आटपा," म्हणत अध्यक्ष उठलेच, आणि त्यांच्यामागे अख्खा हॉल बुफेकडे पळाला. कॉफीचे कप उचलायला आलेल्या केनियाच्या दोन मुली मात्र ट्रे ठेवून पहिल्या रांगेत बसल्या. बाई त्यांच्याशी दोन्ही देशांत चालणाऱ्या स्वाहिलीत बोलू लागल्या. आमचा मॅनेजर भरली प्लेट घेऊन धावत आला. "खलास! माईक बंद कर!" मी आवाज पार बुफेपर्यंत वाढवला. त्याने मला पुन्हा काम दिलं नाही. अजून वाटतं, आणखी वाढवायला हवा होता.