काळविटांची मोरी

गुंडा धनगराने शब्द दिला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गावाला त्याची मोठी गंमत वाटे. माळ चिरत चौपदरी रस्ता गेला आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला निघालेला गावातला रामहरी मोटारसायकलसकट काळविटाला धडकून पाय मोडून बसला. तेव्हा याच गुंडाने कचेरीत खेटे घालून रस्त्याखाली उंच मोरी बांधून घेतली. कडेने तारेचं कुंपणही झालं. कळपाने खालून जावं, गाड्यांनी वरून.

मग त्याने सगळ्या धनगरांना बिरोबाच्या देवळात नेऊन भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. मोरीत कुणी मेंढरं बसवायची नाहीत, कुत्री न्यायची नाहीत. धाकटा भाऊ जोतिराम सगळ्यांच्या आधी पुढे झाला. भंडारा उचलला म्हणजे विषय संपला, निदान गुंडाचा तरी. माणसाचा वास राहू नये म्हणून हा भला माणूस स्वतःही मोरीकडे फिरकेना. लांबच्या टेकाडावर बसून कळपाची वाट बघायचा.

थंडीभर कळप मोरीतून गेला. उन्हाळा लागला आणि येईनासा झाला. काळविटं तारेवरून उड्या टाकून रस्त्यावर येऊ लागली. गुंडा घरी येऊन बायकोपाशी, फुलाबाईपाशी, जीव हलका करायचा.

"काय चुकलं गं माजं?"

"येतील की," ती म्हणायची.

एका सकाळी टेम्पो उलटला. ड्रायव्हरचं डोकं फुटलं, शेजारी काळा नर मरून पडला. गुंडा पहिल्यांदाच मोरीत उतरला. आत लेंड्यांचा थर, कुत्री बांधायच्या मेखा आणि जोतिरामचं घोंगडं. ते उचलून त्याने तडक जोतिरामला गाठलं.

जोतिरामला ना लाज ना शरम. "दादा, दुपारच्याला मेंढरं उनानं धापा टाकत हुती. सावली हाय कुटं दुसरी? समदेच बसवत्यात. तुला सांगितलं असतं तर तू न्हाईच म्हनला असतास. इस्वास नसंल तर वैनीला इचार."

घरी फुलाबाई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही.

"व्हय, ठावं हुतं. मीच भावजींना भाकर नेऊन देत हुते तितं. तुमच्या जिवाला घोर नको म्हनून बोलले न्हाय."

देवाला फसवलं ते देव बघून घेईल, भावाचं भाऊ निस्तरेल, एवढं गुंडाने वाटेत मनाशी ठरवलं होतं. हिचं काय करावं ते त्याला कळेना. तो उंबऱ्यातच खाली बसला.

"आगं, मी रोज तुज्यापाशीच रडत हुतो की!"