चुकलंमाकलं

बुरोंडीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. शिमग्यात पालखी दारात आली की त्या घराच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम आमच्या बाबांचं. कुणाचा मुलगा मुंबईत नोकरीच्या शोधात असतो, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असतात, बाबा ते सगळं देवाच्या कानावर घालायचे आणि दर वाक्याला मागे उभी असलेली माणसं “व्हय म्हाराजा!” म्हणून साथ द्यायची. मागणं मागण्याआधी मात्र एक ओळ ठरलेली: “काय चुकलामाकला आसंल, ता लेकराचा म्हणून पोटात घाल.” चूक झालेली असो वा नसो, ही ओळ आधी. मोठ्यापुढे उभं राहायची ती रीत होती, दारात चपला काढाव्यात तशी.

अशा माणसाला आम्ही साक्ष द्यायला पाठवलं.

खाडीचं पाणी उधाणाला बांधावरून भातशेतीत शिरायला लागलं, त्याला बरीच वर्षं झाली. खारं पाणी एकदा जमिनीत बसलं की भात धरत नाही. गावाने अंगमेहनतीने बांध उंच केला, पाणी त्याच्याही वरून आलं. त्याच सुमारास देशोदेशीचे काही वकील आणि अभ्यासक मिळून किनाऱ्यावरच्या गावांचं म्हणणं गोळा करत फिरत होते. धूर एकांनी केला आणि समुद्र दुसऱ्यांच्या शेतात शिरतोय. तेव्हा जगाचा पर्यावरणाचा कायदा लिहिताना भोगणाऱ्यांचंही ऐकलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या गावांची बाजू पटेल, त्यांच्या बांधांसाठी मदतीची शिफारसही ते करणार होते. मी रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करते. कायदेवाल्यांना इतक्या उशिरा का होईना, हे सुचलं याचं मला कौतुकच वाटलं. गावाने बाबांना पुढे केलं. बोलायचं म्हटल्यावर दुसरं कोण असणार?

सुनावणी रत्नागिरीतच, एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. समोर पाच-सहा पाहुणे, बाजूला पुण्याहून आलेली दुभाषी मुलगी, मागच्या खुर्च्यांवर आमच्या गावचे लोक आणि त्यांच्यात मी. बाबांना माईकसमोर बसायला सांगितलं, तर ते उभेच राहिले. टोपी सारखी केली, हात जोडले आणि सुरू झाले.

“म्हाराजांनू, तुमी लांबून आलाव. आमी गाववाले तुमच्यासमोर हुबे हाव. आमच्या हातून काय चुकलामाकला आसंल, ता पोटात घाला…”

मागून आमचे लोक एका सुरात म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

पाहुणे दचकले, मग हसले. आम्हीही हसलो. त्यापुढे बाबा जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. उधाणाचं पाणी शेतात कसं शिरतं, दुसऱ्या दिवशी रोपं कशी भाजल्यासारखी दिसतात, पोरं मुंबईला जातात ती आता सणालासुद्धा का येत नाहीत. एका बाईंनी डोळे पुसले. परतीच्या गाडीत बाबांना सगळ्यांनी आग्रह करकरून चहा पाजला. ते तर मुलीचं लग्न पार पडल्यासारखे दमून आणि सुखावून बसले होते.

अहवाल आला तो मी आधी वाचला. आमच्या गावाबद्दल चार ओळी होत्या. ग्रामस्थांच्या प्रतिनिधीने सुरुवातीलाच स्थानिकांच्या चुका मान्य केल्या आणि उपस्थितांनी त्याला एकमुखाने दुजोरा दिला. नुकसानीची कारणं संमिश्र दिसत असल्याने या गावाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. दुभाषी मुलीला मी दोष देणार नाही. तिने शब्दाला शब्द बरोबर सांगितला होता. लिहिणारे लबाड होते असंही नाही. त्यांच्या लेखी कबुली म्हणजे कबुली. कोर्टात मीही तेच धरते, साक्षीदार एकदा बोलला की बोलला. पण चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्यांत आपलाही धंदा बसतो, हे त्या दिवशी मला फार लागलं. मी संतापून लांबलचक खुलासा पाठवला. पोच आली आणि आभार आले.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. ज्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं होतं, तेच आता पारावर म्हणायला लागले, “म्हाताऱ्यान कशाला कबूल केलान?” आपलेच दात, आपलेच ओठ. बाबांना कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण ते आले की गप्पा पावसावर वळायच्या.

शेवटी बाबांनी मलाच विचारलं, “गो बाय, ज्यांनी धूर केला, ते काय म्हनतात?”

मी खरं ते सांगितलं. मोठे देश म्हणतात, मदत देऊ. पण ती दिली म्हणजे आमची जबाबदारी झाली, भरपाई लागू झाली, असं कुणी धरायचं नाही. तसं करारांच्या वेळी लिहूनच घेतात.

बाबांनी पुन्हा विचारलं, “म्हंजे चुकलो म्हनायचाच नाय?”

“नाही.”

“मग ता दान झाला. आमी काय दान मागाया गेलो नव्हतो.”

मला त्यांचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. ज्यांनी काही केलं नाही ते हात जोडून आधी माफी मागतात. ज्यांनी केलं ते माफीचा शब्द तोंडातून निसटू नये म्हणून हुशार वकील नेमतात. कायदा न्याय्य करायचा तर या दोघांना एकाच मापाने मोजून कसं चालेल? हे मी खुलाशात लिहिलं होतं. कोर्टात अजून अधूनमधून तावातावाने बोलतेही. त्याने बांध उंच होत नाही.

पुढच्या शिमग्याला बाबांनी गुडघा दुखत असल्याचं सांगितलं आणि गाऱ्हाणं त्यांच्या चुलतभावाने घातलं. गुडघा दुखत नव्हता. आग्रह कुणी केला नाही.

परवा एका साखरपुड्यासाठी त्यांना घेऊन लांज्याला गेले होते. स्टँडवर एसटी लागली, एकच झुंबड उडाली आणि बाबांचा धक्का लागून एका बाईंची पिशवी खाली पडली. काजूगर रस्त्यावर सांडले. बाबा लगेच खाली बसले आणि एकेक गर वेचून पिशवीत भरायला लागले. बाई वाट पाहत उभ्या होत्या. एरवी बाबांच्या तोंडून “चुकलो हां बाय” कधीच निघून गेलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“बोलू काय गो?” त्यांनी हळूच विचारलं. “चालंल ना?”