हवेवाचून जगणारी बरणी

पाणी, ऊब आणि हवा असली की जीव जगतो, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय. आठवीतल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, मग हवा नसलेल्या ग्रहावर काहीच नसंल?" मी म्हटलं, "करून बघ." त्या दोन शब्दांपायी पुढं महिनोन्महिने आमच्या प्रयोगशाळेत नाक दाबून वावरावं लागलं.

बेलापूरजवळच्या आमच्या शाळेमागून नाला वाहतो. त्यातला काळा गाळ तिनं काचेच्या बरणीत भरला, कागदाचे कपटे आणि उकडलेलं अंडं कुस्करून घातलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी खिडकीत ठेवली. शी! झाकण जरा सैल झालं की अख्खा वर्ग दाराकडे पळायचा. हेडमास्तर रोज म्हणायचे, "बाई, उचला ती घाण." पण गाळाला हळूहळू रंग चढले. वर हिरवा, मध्ये जांभळट, तळाला काळाकुट्ट. हे रंग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्यातले तळाचे हवेवाचून जगत होते. हवा लागली तरच मरायचे. पोरगी शाळा सुटली तरी बरणीपुढून हलायची नाही. शाळेतला एकच प्रयोग नगरला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होता, आणि तिला तिथं जायचंच होतं.

निवड करायला शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हटल्यावर आमच्याकडे दर वेळी होतं तेच झालं. रांगोळ्या, झेंडूचे हार, फरशीवर फिनेल. सकाळी मी जाऊन बघते तर बरणी लखलखीत! हेडमास्तरांनी गाळ ओतून टाकायला लावला होता, बरणी फिनेलनं घासून घेतली होती आणि आत गुलाबी रंगाचं पाणी भरलं होतं. पोरीनं बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी मात्र तशीच, 'परग्रहावर जीव असेल का?'

"अहो, हे काय करून बसलात?"

"साहेबांपुढं घाण मांडायची का, बाई? प्रयोग तोच आहे की, नुसता स्वच्छ केला."

त्या गाळाची कधी आली नव्हती एवढी किळस मला तेव्हा आली. साहेबाच्या नाकासाठी जितंजागतं धुऊन टाकायचं आणि वर दात काढायचे! लाज कोळून प्यालेली माणसं.

साहेब आले. नारळ फुटला, शाल झाली. टेबलांपुढून फिरता फिरता ते बरणीपाशी थांबले. "वा! किती नीटनेटकं! जिल्ह्याला हेच पाठवा." टाळ्या पडल्या. हेडमास्तर माझ्याकडे बघून जिंकल्यासारखे हसले.

साहेबांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली. "काय गं, खूश ना?"

"नका पाठवू साहेब," ती म्हणाली. "ह्यातलं समदं मेलंय."